कंपनीच्या बाजूने

मावशीने पंचेचाळिशीत पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा घरात सगळ्यांनीच तिची टर उडवली. बंदरावरच्या कचेरीत ती मालाची कागदपत्रं तपासायची. माल का अडतो हे तिला कळायचं. कोणाच्या जोरावर अडतो, ते शिकायचं होतं. म्हणून आंतरराष्ट्रीय कायदा आणि जागतिक अर्थव्यवस्था. काका म्हणाले, "आता आपल्या भांडणांनाही लवाद नेमावा लागणार!"

दुसऱ्या वर्षी कॉलेजात सराव-खटला आला. धुळीने एक गाव आजारी पडलं, म्हणून एका छोट्या देशाने खाण बंद केली. परदेशी कंपनीने बुडालेल्या नफ्याची भरपाई मागितली. सगळं प्राध्यापकबाईंनी रचलेलं. मावशीच्या वाट्याला कंपनीची बाजू आली.

दुपारी सगळं आवरलं की ती मधल्या खोलीत आपलं भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करायची. एकदा ते ऐकताना तिच्या वाक्यांच्या मधल्या जागेत कुणीतरी खोकलं. तिने खिडकी लावली, पुन्हा रेकॉर्ड केलं. आता दोघंतिघं खोकत होते. त्यात एक लहान मूल.

तिने मला ऐकवलं.

"शेजारचे असतील," मी म्हटलं.

"शेजारचं घर रिकामं आहे गं. नीट ऐक. मी 'नफा' म्हटलं की खोकतात."

ती प्राध्यापकबाईंकडे गेली. "बाई, मला दुसरी बाजू द्या."

"बाजू मागून मिळत नसते."

"बरं, ते गाव कुठून घेतलंत?"

"मनानेच." बाईंनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "का? तुम्हालाही ऐकू येतंय?"

खटल्याच्या दिवशी मी प्रेक्षकांत होते. मावशी एक शब्दही अडखळली नाही. फक्त प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, समोरच्याचं बोलणं संपू द्यावं तशी. परीक्षक म्हणून आलेले निवृत्त न्यायाधीश सारखे मागच्या बाकांकडे बघत होते. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, त्या मागच्यांना पाणी द्या कुणीतरी!"

शिपाई पाण्याचा जग घेऊन गेला आणि तिथेच थबकला. मागचे बाक रिकामे होते. कोणीच हसलं नाही.

कंपनी जिंकली. पहिलं बक्षीस मावशीला मिळालं. ते घ्यायला ती गेलीच नाही. तिने प्रबंधाचा ठरलेला विषय बदलला: अशा खटल्यांत गावकऱ्यांना स्वतःचं म्हणणं मांडायला जागा कशी मिळेल. पदवी वर्षभर लांबली. काका कुरकुरले, पण तिचे मसुदे तेच टाइप करून द्यायचे.