गिरणीच्या रांगेत सोजराबाई

आठ वर्षं हैद्राबादला गवंड्याच्या हाताखाली राबून सोजराबाई १९९८ साली नवऱ्यासोबत गावी परतली. गाव हळ्ळीखेडपासून दोन कोसांवर. दलितवस्ती ओढ्यापलीकडं, आणि गावात पिठाची गिरणी एकच, जगदेवप्पाची. गिरणीत जात न मानणाऱ्या बसवण्णांची हार घातलेली तसबीर होती. तिच्याखाली जगदेवप्पाचा नियम चाले. वस्तीतल्या बायकांची ज्वारी सगळ्यांचं झाल्यावर दळायची, आणि दुसऱ्या सकाळी दोन ओंजळी दाणे घालून दगड 'शुद्ध' करायचे. ते दाणेही त्याच बायकांनी द्यायचे. निघालेलं पीठ म्हशीला.

हैद्राबादच्या गिरणीत सोजराबाईला कुणी जात विचारली नव्हती. इथं ती उंबऱ्याबाहेर बसून आत बघायची. दाणे ओतायच्या पेटीच्या कडेला उंदराच्या लेंड्या असत. जगदेवप्पाचं खरजुलं कुत्रं पिठाच्या पोत्यावर पसरलेलं असे. त्याची कुणाला शिसारी नव्हती. विटाळ व्हायचा तो फक्त हिच्या ज्वारीचा.

श्रावणातल्या एका बुधवारी ती सरळ आत गेली आणि तीन डब्यांमागं आपला डबा ठेवला. जगदेवप्पानं तो पायानं बाजूला सारला.

"अप्पा, डबा कामून सरकवायलाव?"

"तुला ठावं न्हाई व्हय? भाईर थांब."

"माझा नंबर चौथा हाय," ती म्हणाली. डबा पुन्हा जागेवर ठेवून ती त्याच्याशेजारी मांडी घालून बसली.

जगदेवप्पानं तिच्यामागच्यांचं दळून दिलं. संध्याकाळी गिरणी बंद झाली तशी ती डबा उचलून घरी आली आणि ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी शेजारची लिंगम्मा आली, पाचव्या दिवशी अकरा बायका झाल्या. सोजराबाईनं सगळ्यांना बजावलं होतं की शिवी द्यायची नाही, दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, दार अडवायचं नाही. तिचा नवरा तुळजाराम जगदेवप्पाच्या भावाच्या शेतावर होता. त्याला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. तो घाबरला, सायकलवर हळ्ळीखेडहून दळून आणतो म्हणाला. तिनं नाही म्हणून सांगितलं. घुगऱ्या खाऊन पोरांची पोटं दुखत होती, तरी नाही.

सातव्या दिवशी कुणीतरी मागच्या खिडकीतून शेण कालवलेलं आंबूस पाणी त्या अकरा डब्यांवर ओतलं. शेणाचं सोजराबाईला काही नव्हतं, घर ती रोज शेणानंच सारवायची. पण दारात जगदेवप्पाची बायको नागव्वा तोंडाला पदर लावून हसत होती. नागव्वाच्या तिन्ही बाळंतपणांत नाळ कापली होती ती वस्तीतच सुईणपण करणाऱ्या सोजराबाईच्या आईनं. तेव्हा त्या हातांचा विटाळ झाला नव्हता. सोजराबाई उठून गिरणीमागं गेली आणि भडाभडा ओकली. मग तोंड धुऊन परत आपल्या जागी येऊन बसली. भिजलेले दाणे तिथंच पदरावर पसरून ती एकेक निवडू लागली, तशा बाकीच्याही निवडू लागल्या.

वस्तीतल्या शिकलेल्या महेशकुमारनं तहसीलदाराला अर्ज दिला होता. नवव्या दिवशी जीप आली. केसच्या भीतीनं जगदेवप्पानं रांगेप्रमाणं दळलं. तहसीलदारानं फोटोवाला आणला होता, पेढेही आणले होते. सोजराबाईनं आणि जगदेवप्पानं एकमेकांना पेढा भरवावा अशी त्याची इच्छा.

"सायेब, पीठ मिळालं. पेढा कशाचा?" सोजराबाई म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

जीप वळली न वळली तोच जगदेवप्पानं सगळ्यांदेखत नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. तिनं ते शेवटपर्यंत बघितलं.

दोन महिन्यांत जगदेवप्पाचा भाऊ सिद्धप्पा यानं मठाजवळ नवी गिरणी टाकली. गावातली सगळी घरं तिकडं वळली. जुनीकडं उरली फक्त वस्ती. गावात आता शांतता आहे, असं जो तो सांगू लागला. लिंगम्मालाही ते बरं वाटलं. निदान कुणी हिडीसफिडीस करत नाही, ती म्हणाली.

"अगं, ह्यो तर तोच उंबरा," सोजराबाई म्हणाली. "नुसता हिकडून तिकडं नेऊन ठिवला."

पुढच्या आठवड्यात तिनं डबा उचलला आणि मठाजवळच्या गिरणीत जाऊन रांगेत ठेवला. सिद्धप्पाला जीप आठवत असावी. त्यानं मान फिरवून, पण तिच्या नंबरावर दळून दिलं.

त्यानंतर दहा-बारा वर्षं ती तिथंच जात राहिली. हळूहळू वस्तीतल्या आणखी बायका येऊ लागल्या. तिचा डबा टेकला की काही जणी आपला डबा हातभर लांब ओढून घेत. मधल्या त्या मोकळ्या फरशीकडं बघितलं की सोजराबाईच्या तोंडाला कडू पाणी सुटे. ती बाहेर जाऊन थुंकून येई आणि परत आपल्या डब्याशी बसे.