बाच्या रश्श्याचा वास

मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. नेदरलँड्समधलं, हेगजवळचं एक गाव, व्हिएतनामी हॉटेलचं मागचं दार. नगरपालिकेचा माणूस पत्र देऊन गेला. रश्श्याच्या वासाबद्दल तीन तक्रारी आल्या आहेत. त्यांचा निकाल लागेपर्यंत हॉटेलचं लायसन्स मालकिणीच्या नातीच्या नावावर होणार नाही. तक्रारी खऱ्या ठरल्या तर सकाळी अकराच्या आधी गॅस पेटवायचा नाही. हा रस्सा आठ तास उकळतो. म्हणजे दुपारचं जेवण बंद. म्हणजे हॉटेलच बंद.

मी पुण्यात तीस वर्षं बातमीदारी केली. निवृत्त झालो आणि मुलीकडे आलो. तिचं घर बरोबर या हॉटेलच्या वर. रोज एकाच टेबलावर बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात; मी तर वही घेऊन बसतो.

*

बा म्हणजे व्हिएतनामीत आजी. वय एक्क्याऐंशी. निर्वासित म्हणून आली, बाजारात गाडीवर लुंपियाचे रोल तळले, त्यातून हॉटेल उभं केलं. आता मुलगा हुंग चालवतो. हुंग चौपन्न वर्षांचा आहे, पण रश्श्यात मीठ घालायची त्याला अजून परवानगी नाही.

हुंगची मुलगी, म्हणजे नात माइ, मॅनेजमेंट शिकलेली. तिने कृती लिहून काढायची ठरवली. बाच्या हाताखाली डिजिटल काटा ठेवला आणि म्हणाली, "बा, मीठ आधी यावर टाक."

बाने टाकलं. माइने आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी आकडा दुप्पट, तिसऱ्या दिवशी निम्मा. रस्सा तिन्ही दिवस तोच.

हुंग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काट्यावर टाकते ते वेगळं आणि पातेल्यात टाकते ते वेगळं. मी तीस वर्षं बघतोय."

*

जुन्या काळी इथल्या लोकांना आशियाई जेवण म्हणजे फक्त नासी आणि बामी, इंडोनेशियाचा परतलेला भात आणि नूडल्स, एवढंच ठाऊक. म्हणून बाने तेही मेन्यूत ठेवलं होतं. माइने यंदा दोन्ही काढून टाकलं. "आपण व्हिएतनामी आहोत, तेच विकू."

चार दिवसांनी एक डच म्हातारा आला. हातात घरचं झाकणाचं पातेलं. पूर्वी लोक पार्सल असंच न्यायचे. त्याने बामी मागितली.

माइ नम्रपणे म्हणाली, "माफ करा, आता मेन्यूवर नाही."

बाने आतून येऊन पातेलं उचललं, भरून आणलं आणि नातीला म्हणाली, "मेन्यूवर नाही, पण त्याच्या हातात पातेलं होतं ना?"

*

मी देवधर्म मानत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळाला हे मी वेळोवेळी, न विचारता, सांगितलेलं आहे. एका दुपारी चिकन मागवलं. बाने टोफू पाठवला. मी परत पाठवला. तोच टोफू परत आला, आणि मागोमाग बा.

"आज अमावास्या. आम्ही अमावास्या-पौर्णिमेला मांस खात नाही. तुमच्याकडे नाही का हे?"

"आहे," मी म्हणालो, "पण मी पाळत नाही."

"मग मी पाळते तुमच्या वतीने. खा."

उभ्या जन्मात मला पंचांग चिकटलं नव्हतं. ते व्हिएतनामच्या बाईने चिकटवलं.

*

नगरपालिकेचं ते पत्र वाचून माझं डोकं फिरलं. वासाच्या डोक्यावर राहणारा माणूस मी, आणि मला एकाने विचारलं नाही! बसल्या बैठकीला साडेतीन पानं इंग्रजीत खरडली. त्यात 'मोगलाई' या शब्दाला चपखल प्रतिशब्द सापडेना, याचंच काय ते दुःख.

माइने पेन घेतलं आणि साडेतीन पानांच्या चार ओळी केल्या. ती मला 'बाक' म्हणते, म्हणजे बापापेक्षा मोठा काका.

"बाक, नगरपालिकेला विशेषणं चालत नाहीत. फक्त विचारायचं: तक्रारी कोणत्या तारखांच्या?"

"एवढंच? आणि अन्यायाचं काय?"

"तो तारखांतच असेल तर सापडेल."

तीस वर्षं मी शिकाऊ पोरांना नेमकं हेच सांगत आलो. चार ओळी पाकिटात घातल्या.

*

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तीन तारखा. पहिल्या दोन तारखांना तक्रारदाराला वास आला. तिसऱ्या तारखेला तक्रारीवरून नगरपालिकेचा निरीक्षक स्वतः आला होता. त्याची नोंद अशी: "सकाळी साडेआठ. दाराबाहेर उभा राहून खात्री केली. मांसाच्या रश्श्याचा तीव्र वास. स्वयंपाकघरातून येत असल्याचे स्पष्ट."

माइने कॅलेंडर काढलं. हुंगने तिसऱ्या तारखेवर बोट ठेवलं.

तो टेतचा दिवस होता. त्यांचं नवं वर्ष. आदल्या दुपारपासून हॉटेलला कुलूप, गॅसचा मुख्य कॉक बंद, आणि बा धरून सगळं कुटुंब टिलबर्गला, हुंगच्या बहिणीकडे. दारावरच्या सुट्टीच्या पाटीचा फोटो माइने त्याच दिवशी इन्स्टाग्रामवर टाकलेला आहे.

आम्ही फोटो जोडून पत्र पाठवलं. विशेषण एकही नाही. पोच आली. मी स्वतः नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन विचारलं, "मॅडम, बंद गॅसवरचा रस्सा तुमच्या माणसाला आला कुठून?" खिडकीमागच्या बाईंनी प्रश्न टाइप करून घेतला आणि हसून निरोप दिला.

याला सात आठवडे झाले. लायसन्स अजून हुंगच्याच नावावर आहे. निरीक्षकाने त्या सकाळी कसला वास घेतला, हे नगरपालिकेने अजून सांगितलेलं नाही.