भर बाराचं पाणी

आमच्या विहिरीवर दुपारी बाराच्या सुमाराला कुणी पाणी काढायचं नाही, हा नियम मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळला. ती वेळ राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची. सांगणारी माझी आतेसासू. तिला सगळे आत्या म्हणत, मीही म्हणू लागले. नवरा मुंबईला, म्हणून पूर्णगडच्या वरच्या सड्यावर आम्ही दोघीच. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. त्यात सुरुंग लावून खड्डे पाडून, माती भरून आत्यानं हापूसची चाळीस कलमं लावली होती. नवऱ्याचं पत्र आलं होतं : या उन्हाळ्यात कलमं जगली तर ठीक, नाहीतर जागा विकू आणि आत्याला मुंबईला आणू. पत्र वाचून दाखवलं तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "तिथे मी श्वास कुठे घेऊ गो?"

त्याच साली सरकारी योजनेतून आमच्या विहिरीवर सूर्यावर चालणारा पंप बसला. ऐंशीच्या दशकात ही चैन अख्ख्या पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती! बटण नाही, तेल नाही, धूर नाही. निळ्या काचांवर ऊन पडलं की हौदात आपोआप धार. लोक बघायला यायचे आणि पाण्याला हात न लावता परत जायचे. कुणी चालवत नाही आणि पाणी येतं, हे काही चांगलं लक्षण नव्हे.

पण हौद भरेना. सकाळी धार बारीक, दुपार चढेल तशी जोरात, आणि ऐन बाराच्या सुमाराला बंद. आभाळात ढगाचं बोटभर फडकं नाही, तरी बंद! दीडच्या पुढे पुन्हा सुरू. कलमांची पानं कडेनं करपायला लागली. मी विचारलं की आत्या तुळशीकडे बघायची.

एका दुपारी आत्या पडवीत पडलीय असं समजून मी निघाले. भर बाराला सड्यावर कधी गेला आहात? जाऊ नका. आपली सावली पायाखाली शिरते. पाखरू बोलत नाही. कातळावरची हवा थरथरते आणि लांबचं झाड जमिनीपासून सुटून तरंगतं. पंपाची गुणगुण लांबूनच ऐकू येत होती. मी शेवटचा दगडी गडगा ओलांडला आणि ती थांबली.

काचांसमोर कुणीतरी उभं होतं. काळंकुट्ट, माणसाहून उंच. दोन्ही हात पसरलेले. आणि डोकं नव्हतं.

नाटकात किंकाळ्या फोडलेली बाई मी, पण त्या दिवशी नुसती गडग्याला चिकटले. ते हळूच वळलं आणि म्हणालं, "चप्पल तरी घालायची गो. पाय भाजतील ना."

डोक्यावरून कांबळं घेऊन, हात वर करून आत्या काचांवर सावली धरून उभी होती! रोज दीड तास.

"आत्या, तुमची कलमं मरतायत!"

"मरूदेत. बाराला त्याचं पाणी काढायचं नाही."

"माणसानं काढायचं नाही ना? हे तर सूर्य काढतोय."

"आणि नळी कुणी जोडली? सूर्यानं?"

 कांबळ्याआडून ती रडत होती. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला तो. मी म्हटलं, विचारू तरी. नारळ आणला, विहिरीच्या काठावर ठेवला आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं : "बा राखणदारा, बाई एकटी आहे. तुझी वेळ तुझीच. आधी तू पी, उरलेलं कलमांना दे. काही चुकलं तर सून नवी आहे म्हणून सोड!"

"स्वतःचंच बरं घुसडलंस गो," आत्या पुटपुटली आणि तिनं कांबळं काढलं.

धार सुरू झाली, मनगटाएवढी. आम्ही बघत बसलो. आणि मग ती थांबली. आभाळ लख्ख, काचा उघड्या, आत्या माझ्या शेजारी, कांबळं तिच्या मांडीवर. वाकून ओंजळीनं पोटभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मग धार पुन्हा सुरू.

"झालं. आता आपलं," आत्या म्हणाली.

त्या दिवसापासून रोज तसंच. पंपवाला माणूस तपासून गेला. त्याला काही सापडलं नाही.

मे संपताना नवरा आला, आत्याला न्यायच्या तयारीनं. कलमांमधून फिरला. सदतीस कलमांना तांबूस पालवी होती. मग हौदावर हात धुवायला गेला. दुपारचे बारा. धार बंद पडली.

"काय झालं याला?"

"त्याला पिऊ दे," आत्या म्हणाली. "मग तू हात धू."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या हौदकाठाकडे पाहिलं. हात न धुताच घरी आला. जागा विकायचा विषय त्यानं काढलाच नाही, आणि संध्याकाळची एसटी त्यानं एकट्यानंच पकडली.