एक चिठ्ठी जास्त

शिरगणती उरकली की मोजणाऱ्यांचीच छाटणी सुरू होते, हे नोकरी लागताना मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बावीस वर्षांची. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात पगार तेवढा माझाच. नागपुरातल्या त्या हॉलमध्ये आम्ही चाळीस हंगामी कारकून गावोगावच्या चिठ्ठ्या लावत बसायचो. एका माणसाची एक चिठ्ठी. तिच्यावर नाव नाही. बाई की पुरुष, वय आणि काम, एवढंच. त्या धंद्यावारी खोक्याच्या खणांत टाकायच्या. शेवटचा खण 'काम नाही'वाल्यांचा. चिठ्ठ्या उडतात म्हणून भर मे महिन्यात पंखे बंद.

दर शनिवारी दाराशी यादी लागे. नाव दिसलं की सोमवारपासून यायचं नाही. आणि दर सोमवारी कुठल्या तरी गावाचा गठ्ठा गावच्या नोंदलेल्या आकड्यापेक्षा एका चिठ्ठीने जास्त भरे. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग लक्षात आलं, जास्तीची चिठ्ठी 'काम नाही'च्या खणातच सापडते, तिच्यावरचं वय शनिवारी गेलेल्याचं असतं, आणि अक्षरही त्याचंच. त्यानंतर रिकाम्या स्टुलांकडे बघायचं मी सोडलं. खरं सांगते, भीती वाटायची.

गठ्ठा जुळला नाही की सगळा तालुका पुन्हा मोजायचा. काम तेवढं लांबायचं. इतकी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. शेजारी बसणाऱ्या बाई एकदा हळूच म्हणाल्या, "जुळवाची एवढी घाई काहून करून राहिली वं? जुळलं का संपलं." मला वाटलं, कामचुकार आहेत.

पुढच्या शनिवारी त्यांचंच नाव लागलं. सोमवारी नरखेडकडच्या एका गावाचा गठ्ठा सोडला. शनिवारी मीच तो मोजून सुतळीने बांधला होता. गाठही माझीच, जशीच्या तशी. तरी एक जास्त. बाई, वय बावन्न, काम नाही. अक्षर शेजारच्या बाईंचंच.

साहेब म्हणाले, "हा शेवटचा गठ्ठा आहे बाई. एवढा जुळवून द्या, तुमच्यासाठी मी वर बोलून ठेवतो."

मी ती चिठ्ठी फाडली. गठ्ठा जुळला.

शनिवारी यादीत आम्हा उरलेल्या सगळ्यांची नावं होती, तळाशी साहेबांचंही. काम पूर्ण झालं होतं. शिपायाने त्या दिवशी पहिल्यांदा पंखे लावले. जुळलं का संपलं, ते आत्ता कळलं, आणि मला स्वतःचीच चीड आली.

मग मी एक कोरी चिठ्ठी घेतली. बाई, वय बावीस, काम नाही. शेवटच्या गठ्ठ्यात सरकवली आणि सुतळी पुन्हा बांधली.

एक जास्त झाली. पण सोमवारी मोजायला तिथे कोणी येणार नव्हतं.