मापाचा शर्ट

दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता: ‘पुरुषांनी मापाचा शर्ट आणावा.’ अक्षर वडिलांचं नव्हतं, तिचंच होतं. पाटीवर मात्र अजून वडिलांचं नाव होतं, आणि गिऱ्हाइकं तिला त्यांच्यासारखंच ‘मास्तर’ म्हणत. सुरुवातीला चेष्टेनं म्हणत, नंतर चेष्टा गळून गेली आणि मास्तर तेवढं राहिलं.

दुकान आठ बाय दहा. मागे दोन खोल्या. बेतायचं टेबल एवढं मोठं, की एकदा त्यामागे उभं राहिलं की बाहेर पडायला कडेची फळी उचलावी लागे. दिवसातून दोनदा ती उचलली जायची, क्वचित एकदाच. वयाच्या तेविसाव्या वर्षी ती या टेबलामागे आली आणि आता अठ्ठावन्न चालू होतं.

त्याआधी ती टेबलाच्या अलीकडे स्टुलावर बसून वही सांभाळायची. वडील माप घेत, आकडे सांगत, ती लिही. एके दिवशी नव्यानं नोकरीला लागलेले एक शिक्षक आले. भूगोल शिकवायचे. दोन शर्ट टाकले, आठवड्यानं घेऊन गेले आणि परत आले. बाही आखूड वाटते म्हणाले. वडिलांनी टेप लावला. बाही जिथल्या तिथे. पुन्हा आले, पुन्हा बाही. तिसऱ्यांदा वडील म्हणाले, “सर, हात वाढतोय की काय तुमचा?” सर कानापर्यंत लाल झाले, आणि तिच्या हातातली पेन्सिल वहीवर न लिहिता तशीच थांबली.

मग वर्षभर दर गुरुवारी, दुकान बंद असताना, तिघं वाचनालयात जात. तिघं म्हणजे ती, सर आणि चिमणी. चिमणी तिची शाळेपासूनची मैत्रीण. अखंड बडबडे म्हणून चिमणी. सर गप्प, ही गप्प, त्यामुळे दोघांच्या वाट्याचंही चिमणीच बोलायची.

आणि वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, टेलरचा उजवा हात. आई कधीचीच नव्हती. सरांनी चिमणीबरोबर निरोप पाठवला, थांबू का? तिनं निरोप दिला, थांबू नका. तो निरोप चिमणीनं तीनदा पोचवला, कारण सरांनी तीनदा विचारलं. सहा महिने असे निरोप इकडून तिकडे गेले. एका दुपारी चिमणी स्टुलावर येऊन बसली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला शब्द सापडेनात.

“ते... मला विचारतायत. म्हणजे माझ्याबद्दल. तुला चालेल का?”

ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, “मला काय त्याचं?”

त्या तीन शब्दांत ती पस्तीस वर्षं राहिली. वडील त्यातली अठरा वर्षं जगले. कॉटवरून डाव्या हाताने शिवणी दाखवत, चुका काढत. त्यांच्यानंतरही ती तिथेच राहिली. लग्नाची दोन-तीन स्थळं आली आणि मापाच्या शर्टासारखी घडी न मोडता परत गेली.

सरांचे कपडे मात्र इथेच शिवले जात. चिमणी कापड आणि मापाचा शर्ट आणून टाकायची, तासभर बडबडून जायची. “यांना ना, काही कळत नाही कपड्यातलं. चहाचा डाग पडलाय म्हणून सांगितलं तर म्हणतात, नकाशा वाटतोय!” मास्तर हसायची. तो मापाचा शर्ट ती कधीच उलगडत नसे. खुंटीला लावायची आणि नव्याबरोबर तसाच परत द्यायची. सर सकाळी पावणेअकराला दुकानावरून शाळेत जात, साडेपाचला परतत. जाताना उजवी बाजू दिसे, येताना डावी. तेवढं तिला पुरायचं. पोट सुटलं तेव्हा सांगावं लागलं नाही, एक खांदा किंचित उतरला तेव्हाही नाही. शर्ट असा बसायचा की शाळेतले शिक्षक विचारत, कुठून शिवता हो?

गेल्या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा तिला कॉलर आणि मान यांच्यामध्ये फट दिसली. बोटभर, पण दिसली. पुढचा शर्ट आला त्याची कॉलर तिनं पाव इंचानं कमी बेतली. नंतरच्या दोन शर्टांची आणखी पाव-पाव. जुने शर्ट बटणं लावायला आले तेव्हा बाजूची शिवणही आत घेतली. मनात काहीतरी खुपलं, नाही असं नाही. पण चिमणीला सांगायचं तर काय सांगायचं? चिमणी विचारणार, तुला कसं कळलं? त्या प्रश्नापुढे भिंत होती. तिनं शर्ट शिवले.

फेब्रुवारीत सर शाळेच्या जिन्यावर कोसळले.

आठवड्यानं चिमणी दुकानात आली. केस कसेतरी बांधलेले, हातात पिशवी. स्टुलावर बसली आणि पिशवीतून दोन शर्ट काढून टेबलावर एकावर एक पसरले. खाली मापाचा, वर नवा.

“बघ.”

वरचा सगळीकडून आत होता. कॉलरला पाऊण इंच, छातीला दोन.

“डॉक्टर मला म्हणाले, अहो बाई, अकरा किलो उतरलाय माणूस, कपडे ढगळ झाले नाहीत? चारचौघात विचारलं गं! आणि मी काय सांगितलं, माहितीये? म्हटलं, छे, आमचे कपडे माझी मैत्रीण शिवते, एकदम चपखल बसतात. तोऱ्यात सांगितलं मी! पॅंटचं काय, पट्ट्याला यांनी स्वतःच खिळ्यानं भोकं पाडलेली. बोलायचं नाव नाही. शेजारी झोपणारी बाई मी, माझे डोळे काय फुटले होते?”

मास्तरनं वरच्या शर्टाची कॉलर बोटानं सरळ केली.

चिमणीनं नाक पुसलं. मग आवाज उतरवून, जवळजवळ आर्जवानं म्हणाली, “तुझं माप चुकलं ना? वय झालं आपलं, चष्मा बदलायला झालाय तुझा. चुकून कमी बेतलंस, आणि यांना नेमकं बसलं. असंच झालं ना? तू म्हण तसं. मी उद्या डॉक्टरांना सांगते, आमच्या मास्तरांचं चुकलं.”

तिनं स्वतःच दार उघडून धरलं होतं. एक ‘हो’ म्हटलं की झालं. चार दिवस चेष्टा होईल, मग सगळं पूर्वीसारखं. पण चिमणीचे डोळे लाल होते, आणि या दारातून आपण एकटीच सुटू, ती मात्र स्वतःलाच दोष देत आत राहील हे मास्तरला दिसत होतं.

“चुकलं नाही,” ती म्हणाली. “मीच कमी केलं.”

“कधीपासून?”

“शाळा सुरू झाली तेव्हापासून.”

चिमणीनं बोटांवर महिने मोजले. “आठ महिने. आठ महिने तुला दिसत होतं, आणि तू शिवत बसलीस?”

“काय सांगणार होते मी, चिमणे? की मी रोज...”

“की तू रोज बघतेस,” चिमणी म्हणाली.

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“ते मला माहीत होतं गं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. त्यांनाही माहीत आहे. दुसरा रस्ता जवळचा पडतो शाळेला, तरी ते इथूनच जातात. मी कधी काही म्हटलं? माझं काय बिघडत होतं त्यानं? उलट म्हणायचे मी, चार डोळे आहेत या माणसावर.” तिनं वरचा शर्ट उचलून टेबलावर आपटला. “बघतेस तर सांगायचंस ना!”

ती शर्ट तिथेच टाकून गेली. मास्तर टेबलामागे उभी होती. फळी उचलून मागे धावावं असं वाटलं, पण हात कडेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

तीन आठवडे चिमणी आली नाही. सरांचं ऑपरेशन झाल्याचं शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. पावणेअकराला मास्तरची नजर सवयीनं वर जाई. रस्ता नुसताच असे. शिवताना दोनदा तिच्या बोटात सुई टोचली, जे पस्तीस वर्षांत झालं नव्हतं.

मग चिमणी आली. कापड होतं, मापाचा शर्ट नव्हता. त्याऐवजी चिठ्ठी.

“मी स्वतः घेतलंय माप. काल घरी आणलं त्यांना.”

मास्तरनं वाचलं. गळा साडेपंधरा. तिच्या अंदाजानं आता चौदाही नसावा.

“टेप सैल धरलास.”

“मुद्दाम धरलाय. ढगळ होऊ दे. भरले तर दिसेल, उतरले तर दिसेल. कुणालाही दिसेल.”

“कसे आहेत?”

“खातात थोडं. चिडचिड करतात, म्हणजे बरे असतील. शाळा बंदच आता त्यांची. या बाजूला येणं नाही. बघायचं असेल तर घरी ये. दारानं ये, बस, दोन शब्द बोल.”

“दुकान असतं गं.”

“हो, माहितीये तुझं दुकान.” चिमणीनं स्टूल टेबलाजवळ ओढलं. “कर सुरू. कॉलर बेतून होईपर्यंत मी इथेच बसणार आहे.”

मास्तरनं कापड पसरलं, साडेपंधरावर खूण केली, रेघ ओढली. कात्री लावताना हात आपोआप रेघेच्या आत वळला.

“मास्तर,” चिमणी म्हणाली.

तिनं कात्री मागे घेतली, आणि रेघेवरून कापायला लागली.