अनुमोदक कोण?

केरुबोबाईंनी किसी गावच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. गावात सगळे त्यांना म्वालिमू, म्हणजे मास्तरीणबाई म्हणत. निवृत्तीचा पैसा त्यांनी पाम्बाझुको सिमेंटच्या शेअरांत घातला. पुढे कंपनीने तोटा जाहीर केला आणि भाव दाणकन आपटला. आपटला तर आपटला, बाजार म्हटला की हे आलंच. पण संचालक मंडळींनी आपले शेअर बरोबर पंधरा दिवस आधी विकून टाकले होते. हे गणित बाईंना काही केल्या सुटेना.

बाजारावर नजर ठेवणारं एक सरकारी कार्यालय आहे. नजर तिथे अष्टौप्रहर असते, फक्त ती कुठे असते ते कुणाला कळत नाही. बाईंनी तिथे पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं: हा प्रश्न कंपनीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात असेल, तरच चौकशी होईल.

बाई नैरोबीला सभेला निघाल्या. सोबत शेजारचे ओन्यान्चा, जुने बस कंडक्टर. त्यांच्याकडे पाम्बाझुकोसकट सात कंपन्यांचे दहा-दहा शेअर होते. कारण एकच: सभेला येणाऱ्या भागधारकाला जेवणाचा डबा आणि छत्री मिळते. घरात माणसं दोन अन् छत्र्या एकोणीस!

सभेत नऊ ठराव वीस मिनिटांत मंजूर झाले. एकाने "मांडतो" म्हणायचं, दुसऱ्याने "अनुमोदन" म्हणायचं, की झालं. मग बाई उठल्या.

"संचालकांनी तोटा जाहीर व्हायच्या आधीच शेअर कसे विकले, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवावा, असा ठराव मी मांडते."

अध्यक्ष गोड हसले. "वा बाई, छान प्रश्न! अनुमोदक कोण? आणि हो मंडळी, बाहेर डबे तयार आहेत बरं का."

खुर्च्या खडखडल्या आणि सभागृह ओस पडलं. अनुमोदकाअभावी ठराव बारगळला.

परतीच्या गाडीत ओन्यान्चा खुशीत होते. "काय कोंबडी होती हो, म्वालिमू!"

"लाज नाही वाटत? तुमचेही शेअर बुडालेत."

"दहाच तर! त्याच्या दुप्पट खाल्लंय मी."

बाईंना रडूच कोसळलं. कंपनीने फसवलं त्याचं त्यांना एवढं नव्हतं. आपली माणसं कोंबडीच्या एका तंगडीसाठी विकली जातात, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. ओन्यान्चांनी नवी छत्री हळूच सीटखाली सरकवली.

पुढच्या वर्षी तीच सभा, तेच अध्यक्ष. बाईंनी तोच ठराव मांडला. अध्यक्षांनी पुन्हा डब्यांची वर्दी दिली आणि माणसं दाराकडे पळाली. ओन्यान्चा सगळ्यांच्या पुढे. बाई माइक धरून एकट्याच उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी जरा वेळ घड्याळ पाहिल्यासारखं केलं. "अनुमोदक दिसत नाही. तेव्हा हा ठराव..."

"थांबा!"

दारात ओन्यान्चा उभे होते. डबा उघडा, गाल फुगलेले. त्यांनी कसाबसा घास गिळला, हातातली तंगडी डब्यात परत ठेवली, बोटं पँटला पुसली आणि हात वर केला.

"लिहा साहेब. ओन्यान्चा. दहा शेअर."