डब्यातला ढोल

सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल, मिक्सर, बँडवाल्यांचे अँप्लिफायर, जे येईल ते घेते. बाई सोल्डरिंग करते याचं नवल आता ओसरलं. सुरुवातीला लोक फोन माझ्या हातात देऊन तिथंच उभे राहत, जणू मी तो खाऊन टाकणार होते. टेबलाच्या खालच्या खणात मात्र माझा खरा संसार आहे. हातात मावणारे, हिरवट पडद्याचे जुने व्हिडिओ गेम आणि त्यांच्या कॅसेट. ते उघडून, आतल्या वायरी बदलून मी त्यांचं वाद्य करते. त्या डब्याला एका वेळी चारच आवाज काढता येतात: दोन पिपाणीसारखे, एक जाडसर आणि एक नुसती खरखर. त्या चारांत गाणं बसवायचं. आई म्हणते, चाळिशीला आली आणि अजून पिपाण्या वाजवते.

हा नाद मला माझ्या मित्रानं लावला. कराडला डिप्लोमाला आम्ही एका वर्गात होतो, तो शेजारच्या मलकापुरात खोली घेऊन राहायचा. मूळचा जत तालुक्यातला, धनगराचा. वडील मेंढरं राखायचे आणि देवळापुढं गजीचा, म्हणजे धनगरी नाचाचा, ढोल वाजवायचे. पाचगणीत एक भंगारवाला त्यानं शोधून काढला होता. तिथल्या बोर्डिंगमधली मुलं मोठी होऊन निघून गेली की त्यांच्या टाकलेल्या वस्तू या भंगारवाल्याकडे येत. त्याच्याकडून आम्ही पोतंभर गेम आणले. पडद्यामागे दिवा बसवला, आवाजाच्या चाकाच्या अलीकडूनच वायर बाहेर काढली, म्हणजे सूर स्वच्छ येतो. आणि कॅसेटमधला खेळ पुसून तिथं गाणं बांधायचा प्रोग्राम भरला.

प्रत्येक कॅसेटमध्ये कुणा अनोळखी मुलाचा खेळ अर्धा राहिलेला असायचा. मित्र म्हणायचा, "थांब की, कुठवर पोचला हुता ते तर बघू." मी म्हणायचे, पूस. आणि तो बघत बसला तर मीच पुसून टाकायचे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, हे आज लिहायला लाज वाटते.

पुढं तो पुण्याला नोकरीला गेला. दीड वर्षापूर्वी हायवेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं धडक दिली आणि तो जागीच गेला. मी त्याच्या गावी गेले नाही. लोकांना सांगते, जमलं नाही. खरं तर धीर झाला नाही.

या वर्षी नवरात्रात दुकानात एक म्हातारा आला. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी. एसटीनं आला होता. पिशवीतून त्यानं टॉवेलात गुंडाळलेला डबा काढला आणि मी ओळखला. तो आम्ही दोघांनी मिळून उघडलेला पहिला गेम होता.

"मी त्येचा बाप," तो म्हणाला. मित्र त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हटलं.

"फोनवर म्हनला हुता, अण्णा, तुमचा ढोल डब्यात घातलाय, दिवाळीला आलो की ऐकवतो. ते ऱ्हाऊनच गेलं. आमाला त्ये लावाया येत न्हाई. वाजतंय का बघ, पोरी. दिवाळीच्या पाडव्याच्या आदी मिळालं तर लय बरं हुईल."

मी म्हटलं, होईल. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, परतीची गाडी चुकेल म्हणाले.

त्या संध्याकाळी मी डबा लावला. लागला. खरखरीच्या आवाजातून त्यानं गजीचा ढोल काढला होता, अगदी हुबेहूब, आणि वरून एक पिपाणी सनईसारखी चढत जात होती. तीन वेळा ऐकलं. रडले, हे सांगायला नकोच. मग मीटर लावून पाहिलं. कॅसेटमध्ये एक बटण सेल असतो. तो आहे तोवर आतली चिप सगळं लक्षात ठेवते. तो संपला की सगळं विसरते. हा सेल अखेरच्या घटका मोजत होता. गाणं उतरवून घ्यायचं यंत्र मी मागवलं होतं, ते कुरियरमध्ये अडकलेलं. निदान फोनवर रेकॉर्ड तरी करून ठेवावं, हे मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मला सुचलंच नाही. थांबायला हवं होतं. पण थांबणं माझ्या रक्तातच नाही. पाच दिवस कळ काढली आणि सहाव्या दिवशी धीर सुटला.

सेल बदलण्याची एक युक्ती आहे. जुना काढण्याआधी दुसरा सेल दोन बारीक वायरींनी शेजारून जोडून ठेवायचा, म्हणजे चिपला कळतही नाही की आपल्याला सांभाळणारा बदलला. दहा मिनिटांचं काम. ते मी नेमकं खंडेनवमीच्या सकाळी काढलं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात, आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही असा आईचा दंडक. पूजेच्या आत उरकू म्हणून मी घाईनं जुना सेल काढला. शेजारचा जोडलेला होता, सगळं ठीक होतं. तेवढ्यात बाहेर बँडवाला ओरडायला लागला, अँप्लिफायर आजच पाहिजे. दसऱ्याची मिरवणूक त्याची, घसा माझा. दहा मिनिटं त्याच्याशी हुज्जत घालून आत आले.

टेबल रिकामं होतं. जमिनीवर पाट, पाटावर सोल्डरिंगची कांडी, मीटर, स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडलेले. आणि मधोमध ती उघडी कॅसेट. चिपवर हळदकुंकू, दोन अक्षता, वर झेंडूचं फूल. शेजारचा सेल सुटून पाटाखाली पडलेला.

"त्या पोराची वस्तू ना?" आई म्हणाली. "म्हणून मधे ठेवली."

सेल सुटल्यानं काय झालं ते आजही तिला माहीत नाही. तिनं इतक्या मायेनं ठेवलं होतं की मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. दसऱ्याच्या संध्याकाळी कॅसेटवरचं हळदकुंकू पुसून, सेल बसवून डबा लावला. पडद्यावर रिकाम्या ओळी. आयुष्यभर दुसऱ्यांचं पुसत आले, ते असं फिटलं.

मग मी जे केलं ते सांगते. मी ते गाणं आठवून पुन्हा बांधायला बसले. तीन वेळा ऐकलेलं. कान माझा पक्का आहे असा मला गर्व. या प्रोग्राममध्ये सोळा ओळींचा तक्ता असतो, ज्या ओळीवर आकडा टाकाल तिथं ठोका पडतो. असे तक्ते एकापुढे एक जोडायचे. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला कुठंही सुटका नव्हती. समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की त्यात ढोल. गिऱ्हाईक बोलतंय आणि त्याच्या बोलण्यामागं ढोल. मी आकडा टाकायचे आणि पाठीमागं कुणीतरी "च्च" करायचं. मित्राची ती सवयच होती, माझं पटलं नाही की च्च. मी वळून बघायचे. भुताखेतावर माझा विश्वास नाही. पण तिसऱ्या दिवशी मी खुर्ची फिरवली आणि पाठ भिंतीला टेकवून बसायला लागले. तरी च्च यायचंच.

नवव्या दिवशी गाणं उभं राहिलं. छान होतं. खरं सांगू, जरा जास्तच छान होतं. मी ठरवलं, अण्णांना सांगायचं नाही. त्यांनी मूळ ऐकलेलं नाही, त्यांना काय कळणार? हे माझ्या मनात आलं होतं, ते लपवत नाही.

पाडव्याच्या चार दिवस आधी मी त्यांच्या वस्तीवर गेले. जतच्या पुढं, कानडी पाट्या सुरू होतात तिथं. अंगणात टँकरच्या पाण्याचा निळा बॅरल होता, रिकामा, पालथा. ढोल घरात माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला; पोरगं गेल्यापासून उतरवला नव्हता. मी डबा ओट्यावर ठेवला, स्पीकर जोडला आणि लावलं. मित्राची आई दारात उभी होती, ती पहिला ठोका ऐकून मेंढरांकडे निघून गेली.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. हात मांडीवर ठोके धरत होता. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." पुन्हा लावलं. निम्म्यात त्यांचा हात थांबला.

"ह्यो त्येचा हात न्हाई," ते म्हणाले.

मी गाणं थांबवलं.

"पोरी, ह्यात चूकच न्हाई. त्यो तिसऱ्या फेऱ्याला चुकायचा. डाव्या हाताची थाप उशिरा पडायची. न्हानपनापास्नं. कवाच बराबर वाजवलं न्हाई त्येनं."

तेव्हा मला आठवलं. मूळ गाण्यात ती थाप होती, अडखळलेली. ऐकताना जाणवलीही होती. बांधताना माझ्या हातानं ती सरळ केली, मला न विचारता. कॉलेजातही मी त्याची हीच थाप दुरुस्त करायचे, आणि तो च्च करायचा. मी सगळं सांगून टाकलं. सेल, खंडेनवमी, नऊ दिवस, आणि त्यांना काय कळणार असं वाटलं होतं तेही. ते रागावतील असं वाटत होतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"दाखवतो," ते म्हणाले आणि उठून निळ्या बॅरलपाशी गेले. माळ्यावरचा ढोल मात्र काढला नाही. पालथ्या बॅरलवर त्यांनी हात टाकला. पहिला फेरा, दुसरा, तिसरा, आणि थाप बरोबर जागी पडली. त्यांनी मान हलवली. पुन्हा वाजवलं, पुन्हा बरोबर. उभ्या आयुष्यात न चुकलेला हात, त्याला चुकायला येत नव्हतं. कपाळावर घाम आला. चौथ्या का पाचव्या खेपेला त्यांनी डावा हात उजव्यानं धरून मागं ओढला, सोडला, आणि ती थाप उशिरा पडली.

"हितं," ते म्हणाले. "हितंच मारायचो मी त्येला. लय मारलंय."

मी डबा मांडीवर घेतला. तिसऱ्या फेऱ्यातला तो आकडा एक ओळ खाली सरकवला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात थाप अडखळली, आणि माझ्या पाठीमागं कुणीही च्च केलं नाही. अण्णा वाकले, त्यांनी डब्यावर पंजा ठेवला.

"ऱ्हाऊ दे रं," ते डब्याला म्हणाले. "बराबर हाय तुजं."